ओठांवरचं इंग्रजी

तेविशी उलटेपर्यंत मी गोऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्दही ऐकलेला नव्हता. माझं सगळं इंग्रजी कारंज्याच्या एका शाळेतल्या मास्तरांच्या तोंडचं. ते मुसलमान, घरचा धंदा कापडाचा. पाच भावांत हे एकटेच शिकले, अमरावतीला एका पाद्र्याच्या हाताखाली. मी माझ्या गावाहून, धनजहून त्यांच्या वर्गात आलो तेव्हा मला 'स्कूल' म्हणता येत नव्हतं. मी 'इस्कूल' म्हणायचो. वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत.

"आधी सापावानी फुत्कार सोड," ते म्हणाले. "मंग त्याले 'कूल' जोड. 'इ' घरी ठेवून येत जा."

उच्चार शिकवायची त्यांची रीत सगळ्यांपेक्षा निराळी होती. ओठांपुढे कागदाचा पट्टा धरायला लावत. 'पेन' म्हणताना तो हलला पाहिजे, नाहीतर पुन्हा म्हण. 'वेस्ट' म्हणताना ओठांचा चंबू, 'व्हेस्ट' म्हणताना खालचा ओठ दातांखाली. घरी उर्दू बोलणाऱ्या बागवानांच्या, रंगाऱ्यांच्या मुलांच्या तोंडात 'साफ'मधला फ आणि 'ज़रा'मधला ज़ घरूनच असायचा, तेव्हा ते आम्हा कास्तकारांच्या पोरांना त्यांच्याशेजारी बसवत आणि सांगत, "याच्या तोंडाकडं पाहा आनि तसं म्हना." माझी बोली त्यांनी अशीच ठोकून ठोकून सरळ केली. पुढं त्याच शाळेत मी खालच्या वर्गाला इंग्रजी शिकवू लागलो. नोकरी हंगामी होती. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

त्यांच्या आणि माझ्या वर्गात फक्त बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. एके दिवशी एका मुलानं 'शी सेल्स' ऐवजी 'शी सेल' वाचलं आणि मास्तर म्हणाले, "ठीक. पुढं." एका 'स'साठी अर्धा तास वर्ग अडवून धरणारा हा माणूस. मला वाटलं, थकले असतील. पण पुढच्याच ओळीत त्या मुलानं 'व्हेरी'चं 'वेरी' केलं, तर ते त्यांनी लगेच पकडलं.

कितीतरी दिवस मला याचा मेळ लागेना. मग ध्यानात आलं. जो उच्चार ओठांवर दिसतो तो त्यांना कळत होता. जो तोंडाच्या आत होतो तो निसटत होता. 'कोट' म्हणा की 'गोट', ते मान डोलवत. एकदा शिक्षकांच्या खोलीत ते पाठमोरे बसून वह्या तपासत होते. मी त्यांना तीनदा हाक मारली. ते वळले नाहीत. मी फिरून पुढं गेलो तेव्हा हसून म्हणाले, "कवा आला?" आणि माझा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"तुले समजलं," ते म्हणाले.

"कधीपासून, मास्तर?"

"दोन वर्सं झाले. आधी चिमन्या गेल्या, मंग बायाची कुजबूज गेली. आता मानसं चाल्ले." मग म्हणाले, "यंदाची पोरं परीक्षेला बसू दे. मंग मी सोताच सांगतो. तवर तू गप राह्य."

मी कबूल केलं. नुसतं गप राहणं नाही, मदतही केली. माझा तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गात मागं जाऊन बसायचो. मुलाचा 'स' गेला की मी हनुवटीला बोट लावायचो, 'क'चा 'ग' झाला की गळ्याला. मास्तर मुलाच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत आणि मुलाला थांबवत. महिनाभरात आमचा हात असा बसला की त्या हिवाळ्यात डिपोटी साहेब तपासणीला आले आणि उच्चारांवर खूश होऊन गेले. त्या संध्याकाळी मास्तरांनी मला घरी नेऊन शिरखुर्मा खाऊ घातला. ईद नव्हती, काही नव्हतं.

पण त्याच तपासणीत ठरलं की पुढल्या वर्षापासून शाळेला इंग्रजीचा एकच शिक्षक मिळेल. अर्थात मास्तर राहणार आणि मी जाणार. चार दिवसांनी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते पुण्याकडचे, मोजकं बोलणारे.

"मुलं त्यांच्या कानांबद्दल काहीबाही बोलतात," ते म्हणाले. "तुम्ही शेजारच्या वर्गात असता. तुमचं काय मत आहे?"

मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. ते पुन्हा विचारणारही नव्हते. तोवर त्यांनी कागद पुढं ओढले होते.

"त्यांना ऐकू येत नाही, साहेब," मी म्हणालो. "दोन वर्षांपासून."

मुलं चुकीचं शिकत होती, कुणीतरी सांगायलाच हवं होतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. ते खोटंही नव्हतं. पण त्या घडीला माझ्या मनात मुलं नव्हती. परत धनजला जाऊन वखरामागं उभं राहायचं नाही, एवढंच होतं.

डॉक्टरची तपासणी झाली. परीक्षेला दोन महिने असताना मास्तरांना जावं लागलं. त्यांनी आपला वर्ग मला स्वतः लावून दिला, कोणता मुलगा कुठं अडतो ते एकेक करून सांगितलं. कुणी सांगितलं, कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. मुलांना वाटलं, डिपोटी साहेबांनीच ओळखलं. मास्तरांनाही तसंच वाटलं असावं. मी ते तसंच वाटू दिलं.

ते भावाच्या दुकानात बसू लागले. पाऊण वर्ष मी त्या गल्लीनं गेलो नाही. बाजाराला जायचं तर कासारांच्या आळीतून वळसा घालायचो. मग वाचनात एक शब्द आला, अन्नसामग्री या अर्थाचा, आणि मी तो वर्गात 'व्हिक्च्युअल्स' असा सांगून बसलो. मनातून खात्री वाटेना. अख्ख्या गावात विचारावं असा एकच माणूस होता.

मास्तर गजानं मांजरपाट मोजत होते. मला पाहून त्यांनी गज बाजूला ठेवला. मी शब्द कागदावर लिहून दाखवला.

"यातला 'सी' मुका आहे," ते म्हणाले. "'व्हिटल्झ'. तू वर्गात काय सांगितलं?"

मी सांगितलं.

"मंग उद्या जाऊन पोरायले सांग, माह्यं चुकलं होतं म्हनून. त्यात लाजाले काय आहे?"

मी मान खाली घातली. समोरच्या कापडाकडे बघत मी ते बोलून टाकलं, सगळं, हेडमास्तरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. बोलून झाल्यावर वर पाहिलं तर ते पुढं वाकून माझ्याकडे बघत होते.

"खाली पाहून काहून बोलून राह्यला? तोंड दिसलं नाही मले. काय म्हनला?"

ते वाक्य मला दुसऱ्यांदा उचलता आलं नाही.

"पानी पाह्यजे होतं," मी म्हणालो.

त्यांनी माठातून स्वतः पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुलांना 'व्हिटल्झ' सांगितलं.

त्यानंतर अडलेले शब्द घेऊन मी पंधरा-वीस दिवसांनी जात राहिलो. दर वेळी वाटेत ठरवायचो, आज तोंड वर करून सांगायचं. दर वेळी शब्दांवरच बोलणं व्हायचं.

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, दुकान बंद पडलं आणि मास्तर पुतण्याकडे शेलूबाजारला गेले. मी नोकरीत कायम झालो होतो. दोन वर्षांनी एका सुटीत मी त्यांना भेटायला गेलो. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आहे इतकं कळे, ओठ दिसत नसत. पुतण्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दोन-तीनदा माझं गाव ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं त्यांना मी कोण ते उमगलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुतण्याच्या किराणा दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांना ते म्हणाले, "हा माह्या हातचा पोरगा. मी गेल्यावर यानंच माही शाळा सांभाळली."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. पुतण्यानं चहा सांगितला. मी चहा घेतला आणि तीनच्या मोटारीनं परत आलो.