आक्काच्या मळ्यातले शनिवार

"चपला भायेर. जमिनीला पाय कळू द्यात."

मळ्याच्या तोंडाशी उभी राहून आक्का दर शनिवारी हेच म्हणायची. तिसरीची तीसेक पोरं पटापट अनवाणी व्हायची. मी बूट काढायला जरा उशीर करायचो. ते तिच्या नजरेतून सुटायचं नाही. "गुरुजींच्या पायाला जमीन चावती व्हय?" असं विचारून ती पोरांना हसवायची.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. विणकरांच्या वडगावात, मागांच्या खडखडाटापलीकडे, एक पडीक जागा होती. आठ-दहा घरांनी मिळून तिथं भाजीचा मळा केला होता. जमेल त्यानं राबायचं, भाजी वाटून घ्यायची. राबणं मुख्यतः आक्काचं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची निम्मी हयात गेली होती. नवरा वारल्यावर ती इकडं भावाकडं आली. खोकला तेवढा तिकडून बरोबर आला.

मळ्याच्या एका कोपऱ्यात तिनं कापसाची चार झाडं लावली होती. "ह्येचं काय खायाचं?" एका पोरानं विचारलं.

"खायाचं न्हाय रं, नेसायचं." तिनं बोंड उकललं, कापूस चिमटीत धरला आणि पीळ देत वीतभर धागा ओढून काढला. "तुझ्या बाच्या मागावर चढतंय, त्ये ह्येच."

जन्मापासून मागाचा आवाज ऐकत झोपणारी ती पोरं. कापसाचं झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कमल नावाची मुलगी तो धागा मनगटाला बांधून आठवडाभर वर्गात मिरवत होती.

ऊन चढलं की आक्का विहिरीवरच्या रहाटानं कळशी ओढायची. पोरं रांगेत ओंजळी धरायची. प्रत्येक ओंजळीखाली आपला डावा हात लावून ती पाणी ओतायची. "सांडू नगंस गं." त्या वेळचा तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. लहानपणी गावच्या विहिरीच्या पायरीवरही तिला उभं राहू देत नसत. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही गवार खुडता खुडता, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

मग एका पालकाला तिची जात कळली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "मळ्यात न्या पोरांना, आमची हरकत नाही. पण पाण्याच्या बाटल्या आणायला सांगा. उगाच कुणाला बोलायला जागा नको."

मी मान हलवली.

त्या शनिवारी पोरांच्या हातात बाटल्या होत्या. दोन-चार प्लास्टिकच्या, बाकी औषधाच्या, धुऊन घेतलेल्या. आक्कानं त्या पाहिल्या. दोरावरचा तिचा हात थांबला. मी काहीतरी बोलणार होतो, तोवर तीच म्हणाली, "बरं केलासा गुरुजी. ह्या हिरीचं पाणी जड हाय. पोरांस्नी बाधलं असतं."

मला शरमेनं मान खाली घालावी लागू नये म्हणून ती आपल्या विहिरीबद्दल खोटं बोलली. पुढच्या शनिवारी ती वाफे काठीनं दाखवू लागली. कमलनं तिचा हात धरायला हात पुढं केला, तर म्हणाली, "मातीचं हाईत गं माझं हात."

दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी एकटाच गेलो. ती मेथी खुरपत होती.

"आक्का, पाणी देता?"

तिनं मान वर केली नाही. "तुमच्या मनाला बरं वाटावं म्हनून वतू व्हय? आदी पोरांस्नी पिऊ द्या. मग तुमी या."

सोमवारी मी हेडमास्तरांना सांगितलं, पोरं यापुढं बाटल्या नेणार नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "मग मळाही नको." शनिवारी कवायत सुरू झाली. मी वाद घातला नाही. घातला असता तर फार तर एक मेमो आला असता.

"आक्का अजून फाटकात बसून वाट बगती, गुरुजी," कमलनं एकदा सांगितलं. मी फळ्याकडं वळलो.

पुढं तिचा खोकला वाढला आणि ती निपाणीला भाचीकडं गेली. दोन वर्षांनी तिच्या भावाबरोबर मी भेटायला गेलो. भिंतीला टेकून ती बसली होती, अगदी वाळून गेली होती. तिनं एकेका पोराची चौकशी केली. मुळा उपटला म्हणून रडलेला तो, बोटं चोखणारा तो. मी सगळ्यांचं "बरं आहे" सांगत गेलो. निम्म्यांचा मला पत्ताही नव्हता.

"आनि कमळी?"

कमल शाळा सोडून घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली होती. "हुशार आहे," मी म्हणालो.

"शिकू द्या तिला," आक्का म्हणाली. मग तिला ढास लागली. मी उठलो. तिच्याकडं पाणी मागायचं धाडस मला झालं नाही.

पावसाळा सरता सरता ती गेली. भाऊ शाळेत येऊन तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचा दिवस सांगून गेला. त्या दिवशी मी एकटाच निपाणीला उतरलो आणि चुकलो. सगळे बोळ सारखेच, सगळी दारं सारखीच. एका ओट्यावर एक बाई विड्या वळत होती. तिला विचारलं, "आक्काचं घर कुठलं?"

"कंची आक्का? हितं घरोघरी आक्का हाईत."

"वारली ती. वडगावला मळा करायची."

"नाव सांगा की."

मांडीवरच्या सुपात हात तसाच ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत ते मी कधी विचारलंच नव्हतं.