हॉलंडचा गवई, टेक्ससचं गाणं
मुलीने जेवता जेवता सांगितलं की ती सोमवारी सॉफ्टवेअरची नोकरी सोडणार. पुढे काय, तर एका डच गायकाच्या बँडमध्ये फिडल वाजवायची. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच.

मी साधा प्रश्न विचारला, हा माणूस किती मोठा आहे? तिने फोनवर त्याच्या देशातला कार्यक्रम दाखवला. हे भलंमोठं थिएटर, पार बाल्कनीपर्यंत माणसं आणि सगळी त्याच्याबरोबर इंग्रजीत गातायत. गाणी कसली, तर टेक्ससची धूळ, ट्रक, मोडलेले संसार. अहो, डच माणसाचा याच्याशी काय संबंध? पण गाणारा आणि लिहिणारा तोच. मग मी इथे टेक्ससमध्येच, माझ्या ऑफिसात चौकशी केली. आमच्या टीममधल्या अस्सल टेक्सन गृहस्थाने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, हे मला ठाऊक होतं. हा तर भलतीकडे पिकवून, पिकतं तिथेच विकायला आला होता. माझ्या डोक्याची पार मंडई झाली. बायको म्हणाली, तर्क लढवत बसू नकोस, जाऊन बघू.

शनिवारी गेलो. आम्ही राहतो त्या अर्विंगपासून तासाभरावरचं बार्बेक्यूचं हॉटेल. पुढच्या टेबलावर आम्ही दोघं, बाकीचे भाजलेल्या बरगड्या चघळण्यात गुंग. पिकल्या केसांचा तो उंच गायक स्वतःची गिटार स्वतःच उचलून आला, मागोमाग फिडल घेऊन आमची मुलगी. गायला लागला तरी कोणी मान वर करेना. कुठे ती बाल्कनी आणि कुठे हे! मला संतापच आला. बायकोला म्हटलं, ह्याला इथे कुत्रं विचारत नाही आणि आपली पोरगी ह्याच्यासाठी नोकरी सोडतेय.

मग त्याने एक संथ गाणं धरलं. मधे गायचं थांबून त्याने मुलीला वाजवू दिलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती वाजवत होती तोवर मी पुढ्यातल्या ताटाकडे बघितलंही नाही. गाणं संपलं आणि नाट्यसंगीताला बसल्यासारखा मी खणखणीत ओरडलो, "वन्स मोअर!"

लोकांच्या बरगड्या हातातच राहिल्या. गायक बावचळला. इथे अशी फर्माईश करायची ती कार्यक्रमाच्या शेवटी, आणि तेव्हाही लोकांना नवीन गाणं हवं असतं. मुलगी लालबुंद झाली. तिने त्याला हळूच समजावलं, की आमच्यात आवडलेलं गाणं तिथल्या तिथे परत मागतात. तो हसला आणि तेच गाणं पहिल्यापासून गायला. तिची जागा आली तसा मागे सरकला आणि तिला पुढे उभं केलं. या वेळी लोक ऐकत होते.

हा माणूस मोठा की छोटा, मला अजूनही सांगता येत नाही. पार्किंगमध्ये मुलीने विचारलं, "सो बाबा, मंडेला काय करू? येस ऑर नो?" बायको माझ्याकडे बघत होती. मी खिशात किल्ली शोधत राहिलो. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? अख्ख्या हॉटेलसमोर वन्स मोअर मीच दिला होता.