आत्या कोणत्या निकषात बसते?

पारनेर तालुक्यातल्या माझ्या माहेरी मी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला गेले होते, पगारी कामावर. स्मृतिभ्रंश किती जणांना आहे, हे मोजायचं होतं. आठवण आणि वजाबाकी दोन्ही कच्च्या निघाल्या की माणूस आजारी धरायचा, असा आमचा पहिला निकष. माझी सख्खी आत्याही आली होती. नातं आड यायला नको म्हणून तिला माझ्या कामावरच्या सोबतिणीनं प्रश्न विचारले.

"आज तारीख काय, आजी?"

"तारीख कशाला? उद्या बाजार हाय."

"शंभरातून सात गेले तर?"

"कुनी नेले?"

आत्या आजाऱ्यांत गेली. संध्याकाळपर्यंत बरंचसं म्हातारं गाव तिच्या सोबतीला होतं.

आत्याला हा आजार फार मानवला. डॉक्टरांनी बंद केलेला गूळ ती खुशाल खायची आणि "मला कुठं ध्यानात ऱ्हातंय" म्हणायची. जिच्याशी तिचं जन्माचं वाकडं, ती जाऊ भेटायला आली, तर आत्यानं निर्विकारपणे विचारलं, "तुमी कोन म्हनायच्या?" जाऊबाई डोळे पुसत गेल्या. वहिनीनं, म्हणजे आत्याच्या सुनेनं, मला फोन केला, "ताई, यांना भांडी घासायचं तेवढं आठवत नाही."

पुढं आमच्या वरिष्ठांनी निकष बदलला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला वजाबाकी न येणं हा काही आजार नव्हे. विसरण्यामुळं रोजचं जगणं अडतंय का, तेही घरच्यांना विचारा, म्हणाले. आम्ही पुन्हा गेलो.

"वाट चुकतात का?" सोबतिणीनं वहिनीला विचारलं.

"एसटीनं एकट्या केडगावला लेकीकडं जाऊन येतात."

"औषधं?"

"आपली आपण घेतात. माझी चुकली तर मला बोलतात."

आत्या बरी झाली. तिच्याबरोबर बाकीचंही गाव जवळजवळ सगळंच बरं झालं. गोळी नाही, सुई नाही. माणसं तीच होती.

"म्हंजे मला कायच न्हाई?" आत्यानं मला विचारलं. तिचा चेहरा पडलेला होता.

"काही नाही, आत्या."

"बघ बाई, नीट बघ."

दोन्ही निकषांत सापडली ती एकटी शेजारची म्हातारी, आत्याची मैत्रीण. ती रिकामं पातेलं चुलीवर ठेवून बसायची, स्वतःचं घर शोधत फिरायची. हे आत्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून शेळ्या चारायला निघताना ती तिला हाताला धरून सोबत न्यायला लागली.

"शेळ्या राखतेस की मैत्रीण?" मी एकदा विचारलं.

"दोन्ही," आत्या म्हणाली. "शेळ्या ऐकत्यात तरी."