बर्फाची लादी अन् समोरासमोरच्या दोन रसवंत्या

परवा कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी फळ्यावर दोन दुकानदार काढले अन् म्हणाल्या, याला गेम थिअरी म्हणतात. मी एकदम ओरडलेच, "मॅडम, हे तर आमचे बाबा अन् चाचा!" सगळे हसले. पण खरंच, ऐका तर!

लासूर स्टेशनला बाबांची रसवंती. रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, चाचांची. दोघांच्याही चरकाला घुंगरं, पण आवाज वेगळा. डोळे मिटूनसुद्धा कळायचं ऊस कोण पिळतंय ते. बर्फ मात्र शहरातून एकाच टेम्पोनं यायचा. बाजाराच्या दिवशी जो पहिला गाठंल त्याला अख्खी लादी, दुसऱ्याला चुरा. अन् बर्फ नसलेल्या रसवंतीत उन्हाळ्यात कोण बसतंय? बाबांचा सगळा हंगाम त्या बाजारांवरच चालायचा.

बाबा टेम्पोची वाट स्टँडवर बघायचे. एकदा चाचा पुढं रेल्वे गेटपाशी जाऊन थांबले अन् लादी घेऊन आले. बाबा लई चिडले. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी, स्कूटी नवीनच शिकलेली. म्हटलं, "बाबा, बसा मागं. आपण टेम्पोला फाट्यावरच गाठू." गाठला की! पुढच्या बाजारी चाचा फाट्याच्या पुढं, ढाब्यावर. मग आम्ही ढाब्याच्याही पुढं, पुलापाशी. आई म्हणायची, "आता दोघंबी कारखान्यातच झोपत जा, बर्फावर."

अन् झालं तेच! मे महिन्यातल्या भरल्या बाजाराला आम्ही उजाडता उजाडता थेट शहरात, बर्फाच्या कारखान्याच्या दारात. बघतो तर लुनावर पोतं टाकून चाचा हजर!

"काय भाई, रस्ता चुकला व्हय?" बाबांनी टोमणा मारला.

"नै भाऊ, तुमची बेटी गाडी कैसी चलाती, देखने आया."

त्यात रात्रभर लाईट नव्हती. कारखानेवाल्यानं एकच लादी बाहेर सरकवली. एवढीच निघाली म्हणाला. आता?

"अर्धी अर्धी करू," बाबा म्हणाले. "पण कापणार मी. तू कापली की मोठी बाजू तूच नेशील."

"और तुम काटे तो? तुम लेके जाते!"

वर भांडण चालू, खाली पाण्याचा ओघळ चालू. मला आईचा पेरू आठवला. घरी आम्हा भावंडांत एकानं कापायचा अन् दुसऱ्यानं आधी उचलायचा, हा तिचा कायदा. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही कापा. बाबा आधी उचलतील."

चाचांनी वितीनं मोजलं, करवतीनं रेघ ओढली, परत मोजलं. इतके सारखे तुकडे पाडले की बाबांना कोणता घ्यावा तेच कळंना. इकडून बघतायत, तिकडून बघतायत.

"अरे भाऊ, जल्दी उठाव! पानी होरा!"

बाबा हसायलाच लागले अन् हाताला आला तो तुकडा उचलला. त्या बाजारी दोन्हीकडची घुंगरं दिवसभर वाजली.

मग पळापळ संपली. टेम्पो स्टँडवर यायचा, लादी रस्त्याच्या मधोमध उतरायची. एका बाजारी चाचा कापणार, पुढच्या बाजारी बाबा. बघायला गिऱ्हाईक जमायचं!

आता मी वाळूजला कंपनीत खरेदी बघते. दोन सप्लायर भांडायला लागले की मला तो बर्फच दिसतो. तिकडं दोघांकडंही फ्रीझर आलेत, बर्फ घरीच होतो. बाबा म्हणतात, लई सोय झाली. पण मागच्या बाजाराला मी घरी गेले होते, तर टेम्पो लादी घेऊन आला तसे बाबा हात पुसत रस्त्यावर येऊन उभे. समोरून चाचाबी आले.

"किसकी बारी है आज?" चाचांनी विचारलं.

"तुझीच," बाबा म्हणाले.