टाचण्यांवरची स्पॅनिश

शिंपीणमावशी गिऱ्हाइकांच्या कपड्यांत करणीच्या चिठ्ठ्या टाचतात, अशी आवई आमच्या जिन्यात उठली होती. वरच्या डॉक्टरीणबाईंना नव्या कोटाच्या काखेत टाचणी टोचली, सोबत अगम्य अक्षरांचा कागद निघाला. आवई पसरवण्यात माझाही खारीचा वाटा होता, खोटं कशाला बोलू! पण ती करणी नव्हती, चुकून कपड्यात राहिलेली क्रियापदं होती. सदुसष्टाव्या वर्षी मावशी स्पॅनिश शिकत होत्या.

त्यांच्या मुलानं परदेशात बायको केली, ती फक्त स्पॅनिश बोलणारी. रविवारी फोनवर तो मध्ये बसून हिचं तिला सांगायचा. मागच्या वर्षी त्याचं हृदय अचानक बंद पडलं. मग सासू-सुना पडद्यावर एकमेकींकडे बघून नुसत्या रडायच्या.

मावशींना एकच विचारायचं होतं. तो गेला त्या दिवशी त्यानं फोन केला होता. मावशी कुणाच्या तरी बाहीचं माप घेत होत्या, तोंडात टाचण्या. त्यांनी फोन कापला. तो रागावून गेला का, एवढंच.

"दुभाषा घ्या की एखादा," मी म्हटलं.

"असलं कुणाच्या तोंडून विचारतात होय गं?"

म्हणून मग बेतायचा खाकी कागद कापून त्यांनी क्रियापदं बेतली.

"हे बघ. 'ए' म्हणजे मी, 'आस' म्हणजे तू, 'आ' म्हणजे तो. ही कॉलर, माणसागणिक बदलायची. मागचं 'कोसीदो', म्हणजे शिवलेलं, ते अंग. त्याला कात्री लावायची नाही. ए कोसीदो, मी शिवलंय. आ कोसीदो, त्यानं शिवलंय."

आपण झगा शिवलाय म्हणतो, पिशवी शिवलीय म्हणतो. त्या सवयीनं मावशी पिशवी आली की 'ए कोसीदा' म्हणायच्या. सून वर्षभरात पहिल्यांदा हसली ती या चुकीवर. मावशींनी मग आठवडाभर ती चूक मुद्दाम सुधारली नाही.

पण त्यांच्या प्रश्नाला ही कॉलर पुरेना. काही घडायच्या आधीच जे घडून गेलं होतं, त्यासाठी 'आ'च्या जागी 'आबीया'ची कॉलर लागते.

"गेलेल्या माणसाला हीच बसते," त्या म्हणाल्या. 

पाचव्या महिन्यात एका रविवारी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सुनेला विचारलं, "से आबीया एनोहादो?" रागावला होता का?

सून भडाभडा बोलत सुटली. मावशींनी हात वर केला. मग ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, आणि मावशी चिठ्ठ्यांवर बोट फिरवत तो शब्द जुळवत गेल्या.

"नव्हता रागावला," त्या मला म्हणाल्या. "म्हणाला होता, आई शिवतेय, मग करतो."

मग हाताचा धक्का लागून सांडलेल्या टाचण्या त्या एकेक करून डबीत भरत बसल्या. मीही भरू लागले.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडे पुन्हा तोच क्रियापदांचा घोष. माझ्या जिभेला हाड कुठलं? डोकावलेच.

"मावशी, मिळालं की उत्तर! आता काय उरलंय विचारायचं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मला मिळालं. ती तिकडे एकटी ताटावर बसते, तिला कुणी विचारायचं, जेवलीस का म्हणून?"