पेवावरची पूजा

देवणीपासून दीड कोसावरच्या त्या गावात जगदेवी अव्वांना वय विचारले, की त्या आकडा सांगत नसत. "पोलीस ॲक्शनला मी धा वर्षांची होते. पुढचं तुझं तू मोज," एवढेच म्हणत. मोजणाऱ्याला सत्त्याऐंशी हे उत्तर मिळे. पण ते उत्तर आणि समोर ताठ बसून तुरीची डाळ पाखडणारी मूर्ती यांचा मेळ त्याला घालता येत नसे.

त्यांचे माहेर आणि सासर एकाच गावात होते, मध्ये अवघी चार घरे. पतीच्या माघारी सव्वीस वर्षे त्यांनी किराणा दुकान चालवले, दोन मुली आणि एक मुलगा यांना मार्गी लावले, आणि आता नातवाच्या संसारात त्यांचे दिवस प्रसन्नपणे चालले होते. पहाटे स्नान, कपाळी भस्म, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. पूजा आटोपली, की त्या मोठ्याने आभार मानत. आभार देवाचे नव्हे, माणसांचे. मोतीबिंदू काढणाऱ्या उदगीरच्या डॉक्टरीणबाई, अवर्षणाच्या साली आपली विहीर गावाला खुली करणारा शेजारी, पहिल्या बाळंतपणात धावून आलेली सुईण, अशी ती नामावळी होती. दिवंगतांची नावेही तिच्यातून कधी गळत नसत. घेतलेले ज्याला आठवते त्याचे चित्त कोरडे पडत नाही, हे शास्त्रवचनाने नव्हे तर सरावाने त्यांना ठाऊक झाले होते.

यंदा श्रावण सरता सरता सरपंच मन्मथ त्यांच्याकडे आला.

"अव्वा, सतरा तारखेचा मुक्तिदिनाचा झेंडा यंदा तुमच्या हातनं."

"माझ्या हातनं? सरपंच तू, हात तुझे शाबूत."

"त्या दिवसाचं माणूस गावात दुसरं न्हाई राहिलं."

"म्हंजे बाकीचे मेले म्हणून माझा लंबर लागला, म्हण की."

मन्मथ हसला, अव्वा हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराने हात पुसले. "दोरीला हात लावीन, पण आधी मला एक सांगा. मदारसाबाचं लेकरू जगलं का मेलं? हे कळल्याबिगर मी त्या झेंड्याखाली उभी राहणार न्हाई."

"कोण मदारसाब?"

त्या प्रश्नाने अव्वांच्या मनाला चरका बसला. सत्त्याहत्तर वर्षांत गाव ते नावही विसरले होते. त्याच वेळी लातूरहून सुटीला आलेली त्यांची नात सुकन्या चहा घेऊन बाहेर आली. ती शाळेत इतिहास शिकवते. पण हे नाव तिनेही कधी ऐकले नव्हते. अव्वांनी दोघांना समोर बसवले, आणि आजवर ओठांबाहेर न काढलेली हकीकत सांगू लागल्या.

त्या काळी ज्वारी पेवात ठेवीत. पेव म्हणजे अंगणात खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असे भुयार. आत कडब्याचे अस्तर, वर सपाट दगड आणि त्यावर चिखलाचा लेप. धान्याच्या उष्म्याने आतली हवा विषारी होते. म्हणून पेव उघडल्यावर अर्धा दिवस ते तसेच ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. गावातली सगळी पेवे उघडण्याचे काम मदारसाबाकडे होते. शेणामातीने हात माखलेला हा किरकोळ अंगाचा माणूस दगडाला कान लावून आतल्या धान्याची अवस्था सांगे.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या त्या वर्षी जगदेवीचे वडील शरणप्पा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीत होते. घरात आई शांतम्मा आणि जगदेवी अशा दोघीच. आषाढात एका दिवेलागणीला मदारसाब धापा टाकत आला. "अव्वा, रझाकार येऊन राहिलेत. शरणप्पाचं घर पुसत हायेत." पेव निम्मे रिते होते आणि त्याच सकाळी उघडलेले होते. त्याने कंदील सोडला, तो विझला नाही. मायलेकी आत उतरल्या. मदारसाबाने दगड पुरता लोटला नाही. खाली दगडाच्या दोन चिपा सरकवून बोटभर फट ठेवली आणि तिच्यावर कडबा पसरला. मग अंगणातच बसून तो दोरी वळीत राहिला. आलेल्यांना त्याने सांगितले, की बाई लेकीला घेऊन माहेरी गेली. त्यांतल्या एकाने त्याच्या कानशिलात भडकावली. दोरी वळणे थांबले नाही.

पुढे भाद्रपदात फौजा आल्या, निजामी राज्य संपले, आणि गावोगाव तिरंगा चढला. त्या दिवसांचे वर्णन 'स्वातंत्र्य' या एका शब्दात करण्याची आपल्याला सवय जडली आहे. परंतु जो शब्द सर्वांच्या मुखी एक असतो, तो प्रत्येकाच्या अंतःकरणात एकच असतो असे नाही. शरणप्पांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे छावणीतून ताठ मानेने घरी परतणे. शांतम्मांना ते पाच महिने आधीच, आणि न मागता, मिळून चुकले होते. नवरा दूर असताना दुकान त्यांनी चालवले, किल्ल्या कमरेला लावल्या, आणि पाटलाशीही नजर न झुकवता व्यवहार केला. आणि मदारसाबाच्या बिऱ्हाडावर त्याच सप्ताहात असा प्रसंग आला, की पुढचा श्वास घेता येणे यापलीकडे त्या शब्दाला काही अर्थच उरला नाही.

रझाकारांचा सूड सरसकट मुसलमानांवर घ्यायला निघालेल्या टोळ्या गावे पालथी घालू लागल्या होत्या. मदारसाब उभ्या ज्वारीत दडला. त्याची बायको रसूलबी दोन महिन्यांचे मूल पोटाशी धरून सकाळीच शांतम्माच्या दारात उभी राहिली. शांतम्माने एक अक्षरही विचारले नाही. पेव उघडेच होते. कंदील सोडला, मायलेकरांना उतरवले, चिपा सरकवल्या, दगड ओढला. कडबा पसरायला मात्र वेळ मिळाला नाही. पंचवीस-तीस माणसे वेशीत आली होती, आणि त्यांत दोन-तीन चेहरे शरणप्पांच्याच ओळखीचे होते.

मग शांतम्मा त्या दगडावर बसल्या. लुगड्याचा घोळ फटीवर पसरला, पाण्याचा तांब्या शेजारी ओढला, गळ्यातली करडगी, म्हणजे लिंगाची चांदीची डबी, उघडून इष्टलिंग तळहातावर घेतले आणि दृष्टी त्यावर स्थिर केली. लिंग हाती असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हलवायचे नाही, हा त्या घराण्यांचा नेम होता. आलेल्यांपैकी निम्मे तो नेम पाळणारे होते.

"मदारसाबाची बायको कुठं हाय?" एकाने विचारले.

"अव्वा पूजेत हाय," जगदेवी आईकडे बोट करीत म्हणाली.

"होऊ दे पूजा. मग इचारू." आणि माणसे ओसरीवर टेकली.

पूजा लांबवावी तर खाली हवा संपणार. आटोपावी तर उत्तर द्यावे लागणार. आईच्या कपाळावरचे भस्म घामाने ओघळत होते. हा पेच जगदेवीला उमगला नव्हता. तिला इतकेच दिसले, की पूजेत ऊद नाही. ऊदाविना पूजा अपुरी, हे तिला लहानपणापासून शिकवलेले. ती गुणी पोर आत गेली, धुपाटण्यात निखारे घेतले, त्यांवर ऊद टाकला, आणि ते घंटेसकट आईच्या गुडघ्याशी आणून ठेवले. वारा पडलेला होता. धूर जमिनीलगत सरपटत लुगड्याखाली शिरला. क्षणभराने दगडाखालून एक बारीक खोकला आला.

शांतम्मांनी लिंगावरची नजर न काढता उजव्या हाताने अभिषेकाचा तांब्या धुपाटण्यावर पालथा केला. पूजेतला ऊद आईने विझवलेला जगदेवीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा तिला कळले. तिने घंटा उचलली आणि 'ॐ नमः शिवाय'चा असा काही गजर मांडला, की ओसरीवरचा एक जण म्हणाला, "पोरगी येडी हाय का काय?"

"येडी न्हाई, भक्तीण हाय," दुसरा उठत म्हणाला. तो ओळखीच्यांपैकी होता. दगडाकडे, लुगड्याकडे आणि ओल्या धुपाटण्याकडे त्याने एकवार पाहिले. "चला. ह्या बाईची पूजा आज सरत न्हाई, आन् मोडायची मला न्हाई." तो पायऱ्या उतरला. एकामागून एक बाकीचेही उतरले.

दगड सरकवला तेव्हा रसूलबी वर आली. पण तिच्या खांद्यावरचे मूल निपचित होते, मान टाकलेले. पाणी शिंपडले तरी ते रडले नाही. तिसऱ्या प्रहरी कडब्याच्या गाडीत दडून ती अर्धापूरला माहेरी निघून गेली. दोन दिवसांनी मदारसाबही तिच्यामागे गेला. ती माणसे पुन्हा गावाला दिसली नाहीत. शरणप्पा परतले, त्यांनी सर्व ऐकून घेतले, बायकोकडून किल्ल्या परत घेतल्या, आणि म्हणाले, "झालं ते चांगलं झालं. पण बोलायचं न्हाई. त्या टोळीत माझे सोबती होते." मुक्त झालेल्या मुलखात एका सज्जनाला आपल्याच ओसरीवर एवढे मोकळेपण लाभले नाही.

"आता सांग," अव्वा नातीला म्हणाल्या, "मी त्या लेकराला ऊद घालून मारलं का न्हाई?"

सुकन्येने फोन उचलला. तिने नांदेडच्या आपल्या एका सहशिक्षिकेला गाठले. अर्धापूर, मदारसाब, रसूलबी एवढ्या तीन शब्दांवर शोध सुरू झाला, आणि नवव्या दिवशी निरोप आला, की दस्तगीर मदारसाब नावाचा एक म्हातारा तिथे केळीच्या बागा राखतो. तिने फोन पुढे केला. अव्वांनी तो हातात घेतला नाही. "फोनवर छाती ऐकू येत न्हाई. मला घेऊन चल."

उदगीर, मुखेड, नायगाव करीत गाडी दुपारी अर्धापूरला पोहोचली. केळीच्या गर्द बागेतून एक आवाज येत होता, खणखणीत आणि संतप्त: "अरे, घड हाय का धोंडा! आपटू नको म्हणलो ना!" त्या आवाजाच्या दिशेने अव्वा काठी टेकीत गेल्या. पांढऱ्या दाढीचा, रुंद छातीचा एक म्हातारा मजुरांवर ओरडत होता.

"तू रसूलबीचा का?"

"हाव. तुमी कोण?"

"मी शांतम्माची जगदेवी."

म्हाताऱ्याच्या हातातला विळा खाली आला. तो म्हणाला, "घंटावाली आपा?"

 बांधावर पोते टाकून त्याने त्यांना बसवले. त्यांनी विचारले, "दमा हाय का तुला? छातीत काई राहिलंय का?"

"दमा? आपा, मघापासनं माझं वरडणं ऐकलं न्हाई का?"

"मग त्या दिवशी मान का टाकली होतीस? मी धूर केला म्हणून ना?"

दस्तगीर खदखदून हसला. "अम्मीनं अफू चाटवली होती, आपा! रडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो आन् असा रडलो म्हणं, का मामूनं म्हणलं, पुन्हा चाटव." मग तो गंभीर झाला. "अम्मी सांगायची. खाली अंधार, वर दगड. हात लावून बघितलं तर माझा दम चाललाय का न्हाई तेच कळेना. तिला वाटलं, वर कुणी राहिलं न्हाई, सगळे भिऊन पळाले. मग लोबानचा वास आला, दर्ग्यात येतो तसा. अम्मी म्हणायची, लोबान जळतंय म्हंजे कुणीतरी बसलंय, आन् बसलंय म्हंजे दगड निघतो. त्याच धुरानं मी खोकलो, तवा तिला कळलं, पोरगं जितं हाय."

ज्या कृत्यासाठी अव्वांनी सत्त्याहत्तर वर्षे मनोमन क्षमा मागितली, त्याच्याबद्दल इकडे एक माता मरेपर्यंत दुवा देत राहिली होती. अव्वांनी त्या म्हाताऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि तिचा भाता वरखाली होताना कितीतरी वेळ अनुभवला. सुकन्या पाठ फिरवून केळी पाहत राहिली.

"सतरा तारखेला ये," निघताना अव्वा म्हणाल्या.

दस्तगीरने मान खाली घातली. "त्या तारखेला आमच्यात चूल उशिरा पेटायची, आपा. अम्मी दुपारपर्यंत बोलायची न्हाई. माझे दोन चुलते तवाच गेले."

"म्हणूनच ये. मी एकलीनं सांगितलं तर म्हातारी बडबडली म्हणतील."

सतरा सप्टेंबरला सकाळी तो आला, शाळेतल्या मुलांसाठी केळीचे चार घड घेऊन, आणि मागच्या सतरंजीवर बसला. अव्वांनी दोरी ओढली, तिरंगा उलगडला. मन्मथने ध्वनिक्षेपक पुढे केला. त्या म्हणाल्या, "मला मदारसाबनं पेवात घालून वाचवलं. त्याच्या लेकराला माझ्या आईनं त्याच पेवात घालून वाचवलं, तवा सूडाला आलेली आपलीच माणसं आमच्या ओसरीवर बसली होती. एक सांगायचं आन् एक झाकायचं, हे आता माझ्याच्यानं होत न्हाई. तो बघा, तिथं बसलाय. त्याच्या आईबापाचे मी सगळ्यांसमोर आभार मानते."

कुणी टाळी वाजवली नाही. काही जण एकमेकांकडे, काही जमिनीकडे पाहू लागले. मग भागवत उठला. सत्तरीचा, शांत स्वभावाचा हा शेतकरी शरणप्पांच्या एका सोबत्याचा मुलगा. 

"अव्वा, खरं सांगा. त्या दिवशी ओसरीवर माझा बाप होता का?"

"होता."

भागवतचा चेहरा उतरला.

"आन् सगळ्यांत आधी उठून गेला तो तुझाच बाप," अव्वा म्हणाल्या. "त्याला कळलं होतं, भागवत. ओलं धुपाटणं बघितलं होतं त्यानं. कळून गेला आन् बाकीच्यांनाबी घेऊन गेला. त्याचेबी आभार मला मानायचेच होते. तुझ्या घरी यायला धीर होत नव्हता."

 पहिल्या रांगेतली आपली जागा सोडून भागवत मागे गेला. दस्तगीर थोडा सरकला, आणि त्याने सतरंजीवर त्याला जागा करून दिली.