बाबांचा फोन घरी होता, बाबा आर्वीत

मंडळी, आज दुपारी बाबांचा जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला, तर कोरोनातलं ते ॲप अजून तिथंच! आपण कोणाच्या जवळ गेलो याची नोंद ठेवणारं. त्याच्या मते बाबा घराबाहेर पडलेच नव्हते.

बाबा हसायला लागले. "त्याले काय मालूम? मी आर्वीले गेलतो, तवा फोन इथंच कोनाड्यात होता."

तेव्हा आमच्या तळेगावात निम्मी माणसं असंच करायची. ॲप वर सरकारला सगळं सांगते म्हणे!

पण आर्वीच्या आत्याकडून आल्यावर बाबांना ताप भरला, तेव्हा घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना त्यांनी फाटकातूनच सगळं सांगून टाकलं. कुठं गेलो, कोणासोबत चहा प्यायलो. ताईंनी वहीत लिहिलं, एकेकाला गाठून तपासणीला पाठवलं. बाबांचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कुठंच निघालं नाही. दिवस वाईट होते, पण ते फाटकातलं बोलणं आज फार आठवलं.

संध्याकाळी त्याच ताई आमच्या बाळाच्या लसीच्या डोसचं सांगायला आल्या. मी विचारलं, "ती वही आहे का अजून?"

"नाई जी. साथ गेली, चुलीत टाकली. लोकायच्या गोष्टी कायले ठेवू घरात?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चालू आहे. बाबांचा फोन कोनाड्यात असायचा, माझा तर त्या ॲपसकट कायम खिशात होता. माझी वही कोणी चुलीत टाकली असेल का हो?